फॉरमॅट मारायची घाई नको

तीर्थस्वरूप सुलूमावशी,


लॅपटॉप दुकानात ठेवून येऊ नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी. फोनवर तू इतकी वैतागलेली होतीस की मी सांगितलेलं निम्मं तुझ्या डोक्यावरून गेलं असणार, म्हणून सगळं लिहूनच काढते. आणि लॅपटॉप अचानक मंदावल्याच्या तक्रारीचे फोन मला तुझ्याशिवाय इतरांचेही येतात, तेव्हा हे छापून आलं तरी बिघडणार नाही.

दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल, नाहीतर नवाच घ्या." तो फसवतोय असं मी म्हणत नाही. त्याच्यासमोर आणखी दहा मशीन पडलेली असतात. प्रत्येकाचं दुखणं शोधत बसण्यापेक्षा विंडोज पुसून नव्याने टाकणं त्याला सोपं पडतं. पण त्यात तुझं नुकसान इतरांपेक्षा जास्त आहे. आजीच्या जात्यावरच्या ओव्या तू बहुतेक सगळ्या श्री-लिपीत टाइप केल्यास ना? ते युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे फॉन्ट. त्या फाइलीत खरं तर मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. विंडोज पुसताना तो फॉन्ट गेला की फाइल उघडेल, पण ओवीच्या जागी तुला कंस, टक्क्याची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. ते सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचं तर त्याची सीडी, लायसन्स, यूएसबीला लावायचा तो लॉक, हे सगळं कुठे ठेवलंयस ते आठवतंय का तुला?

म्हणून पहिलं काम हे: ओव्यांचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी कर, आणि सोबत त्या फॉन्टच्या फाइलीही. मशीन कितीही रखडत असलं तरी हे आधी. रात्रभर चालली कॉपी तर चालू दे.

आता दुखण्याकडे. मशीन जुनं झालं म्हणून मंदावतं तेव्हा ते वर्षभर हळूहळू मंदावतं. तुझं गेल्या आठवड्यापर्यंत नीट चालत होतं आणि आता वर्ड उघडायला चहा करून यावा इतका वेळ लागतो. म्हणजे मधल्या दिवसांत काहीतरी घडलंय. घडलेलं शोधायचं, वयाला दोष द्यायचा नाही. दुकानदाराने विंडोज १० जुनं झाल्याचं कारण दिलं, तेही इथे लागू नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, आणि सुरक्षेच्या दृष्टीने त्याचा विचार करावाच लागेल. पण त्या तारखेमुळे कुठलंही मशीन मंद होत नाही.

आधी रिस्टार्ट कर. शटडाउन नव्हे, रिस्टार्ट. तुला वाटेल, रोज रात्री बंद करते की! पण विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो, सकाळी लवकर सुरू व्हावं म्हणून. अडकलेलं काही असेल तर तेही सोबत जपलं जातं. कोरी सुरुवात रिस्टार्टनेच होते. दोन्ही बटणं शेजारी-शेजारी देऊन उलटं वागणारी ही व्यवस्था कुणाच्या डोक्यातून निघाली असेल ती असो.

त्याने फरक पडला नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. १९९६ च्या विंडोज एनटी ४ पासून हे साधन विंडोजसोबत येतंय, डेव्ह प्लमर नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरने लिहिलेलं, तरी घरोघरी ते कुणी उघडत नाही. छोटीच चौकट दिसली तर खाली 'मोअर डीटेल्स' वर क्लिक कर. वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील, प्रत्येकावर टक्के. ज्या रकान्यात आकडा नव्वदीच्या पुढे चिकटून बसलाय त्याच्या शीर्षकावर क्लिक केलंस की सगळ्यात खादाड प्रोग्राम वर येतो.

तिथे 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' दिसला तर अपडेट चालू आहे. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' दिसला तर विंडोजचाच अँटीव्हायरस फाइली तपासतोय. दोघांनाही हात लावू नकोस. चार्जर लावून, झाकण उघडं ठेवून त्यांना रात्रभर काम करू दे, सकाळी आपोआप मोकळं होईल. ब्राउझर वर आला तर टॅब बंद कर. तुझ्याकडे एकदा उघडलेलं पान कधीच बंद होत नाही हे मी पाहिलंय! सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर लग्नाचे व्हिडिओ बाहेर काढ. आणि "पीसी फास्ट करा" म्हणणारं कुठलंही फुकट सॉफ्टवेअर उतरवू नकोस. त्यातली बरीच स्वतःच मशीनला ओझं होतात.

डिस्कचा रकाना सतत शंभरावर, पण खाली वाचनाचा वेग मात्र अगदी किरकोळ, आणि मशीनला कान लावला तर आतून टक-टक आवाज, असं असेल तर मात्र तिथेच थांब. तुझी फिरणारी जुनी हार्ड डिस्क आहे. खराब झालेला भाग वाचता आला नाही की ती तोच भाग पुन:पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तोवर सगळे ताटकळतात. अशा डिस्कवर डीफ्रॅग, दुरुस्तीच्या कमांड, फॉरमॅट, काहीच चालवायचं नाही. कॉपी करून घ्यायची आणि डिस्क बदलून एसएसडी टाकायची.

पण खरं सांगू? मला वेगळाच संशय आहे. बोलता बोलता तू म्हणालीस, उंदराने चार्जरची वायर कुरतडली म्हणून बाजारातून नवा आणला. कधी आणलास ते मी विचारलं नाही, पण तुझ्या आवाजावरून ताजीच गोष्ट वाटली.

काही कंपन्यांच्या चार्जरच्या गोल टोकात मधोमध एक सुईएवढी पिन असते. तिच्यातून वीज वाहत नाही. चार्जर किती वॅटचा आहे ही माहिती लॅपटॉपला तिच्यातून मिळते. डुप्लिकेट चार्जरमध्ये ती सोय नसेल, किंवा पिन वाकली असेल, तर लॅपटॉपला चार्जर ओळखू येत नाही. मग तो स्वतःला जपतो. बऱ्याचदा बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरचा वेग पार खाली आणतो. एरवी २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ०.८ च्याही खाली रखडतो, सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये अडकलेल्या एसटीसारखा. गंमत अशी की टास्क मॅनेजरमध्ये कुणी एक प्रोग्राम चोर म्हणून सापडत नाही. व्हायरस नाही, डिस्क धडधाकट, आणि फॉरमॅट मारूनही वेग तोच.

हे तपासणं अगदी सोपं आहे. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि मग 'सीपीयू' निवड. वर्ड उघडत असताना 'स्पीड' आणि 'बेस स्पीड' हे दोन आकडे बघ. रिकामा बसलेला प्रोसेसर वेग कमी करतोच, म्हणून काम चालू असतानाच बघायचं. मग चार्जर काढ आणि बॅटरीवर तेच करून बघ. वेग झटक्यात वर आला तर चोर सापडला. आणखी एक, सुरू करताना काळ्या पडद्यावर अॅडॉप्टरबद्दल इंग्रजीत काही येतं का? ते न वाचता तू एखादं बटण दाबून पुढे जात असशील, सगळेच जातात.

चार्जर कमी वॅटचा तर नाही ना, हे बघायला त्याच्या पाठीवर 'आउटपुट' शोध. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असेल तर गुणाकार ६५ वॅट. २.३१ अँपिअर असेल तर ४५. ६५ च्या मशीनला ४५ चा चार्जर लावला तरी टोक बसतं, दिवा लागतो, म्हणून फसायला होतं.

बॅटरीवरही वेग खालीच राहिला तर उष्णता बघ. गादीवर ठेवून काम करतेस का? खालची जाळी झाकली, पंख्यात धूळ बसली की प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचतो आणि मग वेग कमी करतो. लाकडी पाटावर ठेव आणि पंखा जाणत्या माणसाकडून साफ करून घे. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर मात्र बॅटरी फुगली आहे. लगेच बंद कर, चार्जर लावू नकोस, दाबून बसवायला जाऊ नकोस.

एवढं करून कळव. कॉपी झाली की सांग, आणि चार्जरच्या पाठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठव. टॉर्च लावून काढ, ती अक्षरं फार बारीक असतात.

तुझी भाची,
मीनल