आतल्या खोलीतली जंबेरी

नागपूरचा संत्रा सहसा स्वतःच्या मुळांवर उभा नसतो. खाली जंबेरीचा खुंट, वर संत्र्याचा डोळा. फळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जंबेरीला कोण विचारतो!

यंदा डिसेंबरात ती मी घरात पेरली. काटोलजवळच्या चाचांच्या बागेतली बरीच झाडं डिंक्यानं गेली. बुंध्यातून डिंक वाहतो, साल कुजते, झाड उभ्या उभ्या वाळतं. हा रोग रोपाच्या पिशवीतल्या मातीतूनही बागेत शिरतो. मागे विकत आणलेली कलमं अशीच गेली. म्हणून खुंट घरीच करायचा ठरला, तोही मातीऐवजी कोकोपीटमध्ये. रंगपूर लाईम डिंक्याला जास्त टिकते, मी सुचवून पाहिलं. पण चाचांचा जीव जंबेरीवर.

जंबेरीचं बी वाळलं की उगवण घटते. फळं फोडली, बी राखेत चोळून धुतलं, लगेच पेरलं. आता अडचण थंडीची. इथली डिसेंबरातली रात्र १० अंशांच्या आसपास उतरते आणि १३ अंशांखाली हे रोप जवळजवळ थांबतं. मोमीनपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत ऊनही पाहुण्यासारखंच येतं. मग आतल्या खोलीत ट्रेवर वीतभर अंतर ठेवून एलईडी ट्यूब टांगली. वेळ अम्मीनं ठरवली : फजरला उठली की लावायची, इशा झाली की बंद. साधारण १४ तास होतात, रोपांना पुरतात. टायमरचे पैसे वाचले.

तिसऱ्या आठवड्यात कोंब आले. एका बीतून दोन, कुठे तीन. त्यातली बहुतेक आईझाडाची हुबेहूब नक्कल असतात. परागातून झालेलं एखादं वेगळं निघतं, बहुधा खुरटं. खुंट एकसारखे हवेत, म्हणून ते उपटायचं असतं. मी उपटली. एक अम्मीनं हळूच उचलून कान तुटलेल्या कपात लावलंय. त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

चाचा बहात्तर वर्षांचे आहेत. खोड पेन्सिलीएवढं व्हायला वर्ष-दीड वर्ष, मग डोळा भरायचा, मग बागेत लावून फळाला पाच-सहा वर्षं. फोनवर मी त्यांना हे सगळं मोजून दाखवलं.

"ते राहू दे," चाचा म्हणाले. "रोपं किती झाली?"

"एकशे दहा."

"तेवढ्यानं काय होते? दुसरा ट्रे मांड."