पलीकडच्या आळीतला शब्द

वारणाकाठच्या आमच्या मुलखात माझ्या बालपणी करणी होती, बाहेरची बाधा होती, अवसेला तिकाटण्यावर ठेवलेला उतारा होता आणि या साऱ्यांची कैफियत ऐकून घेणारा देवरशीही होता. मात्र हा अवघा व्यवहार एका सदराखाली जमा करणारा ‘अंधश्रद्धा’ हा शब्द कोणाच्या ओठी नव्हता. वारणानगरच्या महाविद्यालयात तो मला प्रथम भेटला, आणि मोठ्या अभिमानाने घरी नेऊन आजीपुढे उच्चारला, तेव्हा पलीकडच्या आळीतील मंडळींना तो फार शोभतो असा निर्वाळा देऊन तिने मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली.

आजीचा तो निवाडा पुढे मला सर्वत्र आढळला. तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून वसविलेल्या या नगरीत उसाचा उतारा दशांशापर्यंत मोजतात. तरीही बॉयलरचे अग्निप्रदीपन व मोळीपूजन मुहूर्तावाचून होत नाही, आणि त्याला रिवाज म्हणतात. (उतारा या शब्दाची चाकरीही विलक्षण : तलाठ्याच्या दप्तरी एक, कारखान्यात दुसरी, तिकाटण्यावर तिसरी!) दिनांक 21 सप्टेंबर 1995 रोजी देशभर गणपती दूध पिऊ लागला, तेव्हा संकलन केंद्रावर फॅट लावल्यावाचून थेंबभर दूध न स्वीकारणारा आमचा प्रांतही चमचे घेऊन रांगेत उभा राहिला. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढले जाऊन मूर्तीवरून पातळ थराने ओघळते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखविले. परंतु रांगेतील प्रत्येकाच्या मते अंधश्रद्ध तो मागचा, आपण केवळ भाविक.

म्हणूनच अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात झालेल्या हत्येनंतर जो कायदा अखेर अमलात आला, त्याच्या लांबलचक शीर्षकात नरबळी, अघोरी प्रथा, जादूटोणा हे शब्द असून ‘अंधश्रद्धा’ नाही, हे मला मोठे शहाणपणाचे वाटते. कोणाची श्रद्धा डोळस, कोणाची आंधळी, याची फिर्याद कोणते न्यायासन निकालात काढणार? कायदा कृत्य पाहतो : साप चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्याच्या अनुसूचीप्रमाणे गुन्हा. उसाच्या फडात ही तरतूद किती मोलाची, हे निराळे सांगणे नको. अशी वर्दी येताच मी प्रथम वाहनाची तजवीज करतो. आणि दवाखान्यात कळविताना मात्र, सापाचे नाव टाळून, ‘पान लागलंय’ एवढेच सांगतो. ही आमची बोली आहे, अंधश्रद्धा नव्हे.