खिशातली काडेपेटी

वसंत म्हटला की आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना आम्रमोहोर आणि कोकिळा आठवते. आपल्या मराठवाड्यातला वसंत मात्र हिरवा नसतो, हे मला महाशिवरात्रीनंतरच्या एका रविवारी गौताळ्याच्या रानात कळले.

सकाळच्या एस.टी.ने आम्ही चौघे छत्रपती संभाजीनगरहून कन्नडला उतरलो आणि तेथून जीपने अभयारण्याच्या फाटकाशी आलो. डोंगररांगेतले हे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. काही आपल्या जिल्ह्यात, काही जळगावात.

फाटकावर एका वयस्क वनमजुराने हात पुढे केला. "काडेपेटी असंल तर इथं ठेवा, पोराहो. जाताना घेऊन जा."

मी गप्प राहिलो. पिशवीत पातेले, साखर, पत्ती होती. तळ्याकाठी तीन दगडांच्या चुलीवर चहा करायचा, हा बेत माझाच. काडेपेटी खिशातच राहिली.

पायांखाली पाचोळा चुरचुरत होता. सालईची झाडे उघडी, अंगाचे पापुद्रे सुटलेले. जमिनीतले पाणी आटू लागले की झाडे पाने गाळून उरलेली ओल जपतात. अशा करड्या रानात एकटा पळस फुलला होता. त्यावर भोरड्यांचा थवा कलकलत होता. हे थंडीतले पाहुणे पळसाचा मध चाखून उन्हाळ्याआधी मध्य आशियाकडे परततात. एका मित्राने वाघाची आठवण काढली. २०२१ च्या मार्चमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून आलेला वाघ इथल्या कॅमेऱ्यात दिसला होता. कित्येक दशकांनंतर या रानात वाघ आला होता!

पुढे वाटेच्या कडेने काळा पट्टा लागला. मला वाटले, वणवाच लागून गेला. मित्र म्हणाला, "ही जाळरेषा. उन्हाळ्याआधी गवत मुद्दाम जाळून पट्टा मोकळा ठेवतात, म्हणजे वणवा आला तरी पुढे त्याला खायला काही मिळत नाही." मी पट्ट्याच्या पलीकडे पाहिले. गुडघाभर वाळले गवत वाऱ्याने डोलत होते. खिशावरचा हात मी नकळत काढून घेतला.

तळ्याकाठी मित्रांनी दगड मांडले, काटक्या आणल्या. मी काडी काढली. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि चुलीजवळचा पाचोळा गिरकी घेत थेट गवतापर्यंत गेला.

"अरे, लाव ना!"

"नको. चहा राहू दे." कारण मला कोणाला सांगता आले नाही.

परतताना मी काडेपेटी वनमजुराच्या पुढे ठेवली. "मामा, ही माझ्याकडेच होती." त्यांनी ती हातात घेतली, उघडून पाहिली, काड्या भरलेल्या होत्या. ते रागावले नाहीत. "गेल्या साली तीन रात्री झोप नव्हती बघा. हिरव्या फांद्या घेऊन आग बडवीत होतो," एवढेच म्हणाले आणि चौकीतल्या स्टोव्हवर आमच्यासाठी चहा ठेवला.

रागावले असते तर बरे झाले असते. तो चहा मला खाली मान घालूनच प्यावा लागला.