टॉकीजचा स्वभाव

पुण्याच्या गणपती विसर्जनाच्या बातमीत एक वाक्य दरवर्षी असतंच: अमुक मानाचा गणपती अमुक वाजता अलका टॉकीज चौकात पोचला. नागपुरात सीताबर्डीवर उतरणारा माणूस रिक्षावाल्याला ‘व्हेरायटी चौक’ म्हणतो आणि गप्प बसतो. पुढचं रिक्षावाल्याला कळतं. चौकांना थोरामोठ्यांची नावं देण्याचे ठराव झाले, पाट्या लागल्या, समारंभही झाले. लोकांच्या तोंडी मात्र टॉकीजच राहिली.

एखाद्या इमारतीला गाव असं आपलं का म्हणतं, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे आठवणी. शाळा बुडवून पाहिलेली मॅटिनी, मध्यंतरातला वडा, ब्लॅकने घेतलेलं तिकीट. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. आठवणी एसटी स्टँडच्याही असतात; जुनं स्टँड पाडलं म्हणून कोणी हळहळत नाही. प्रोजेक्टर दुरुस्तीसाठी टॉकीजच्या मागच्या लोखंडी जिन्याने चढउतार करणाऱ्या माझ्यासारख्याला वेगळीच गोष्ट दिसते. टॉकीजला स्वभाव असतो. मालक कोणता पिक्चर लावतो, तो किती आठवडे ठेवतो, खेळ किती वाजता सुरू करतो आणि कोणाला डोळ्यांसमोर ठेवून करतो, यावरून तो घडतो. गावाचा जीव जडतो तो या स्वभावावर.

पुण्याचं ‘प्रभात’ घ्या. इंदूरच्या किबे घराण्याचं हे थिएटर १९३४ साली सुरू झालं, प्रभात फिल्म कंपनीच्या मंडळींनी ते चालवलं, आणि अप्पा बळवंत चौकाजवळची ही जागा मराठी चित्रपटाचं हक्काचं घर बनली. १९९१ च्या ‘माहेरची साडी’चा इथला मुक्काम इतका लांबला की बाहेरगावच्या बायका पुण्याच्या खरेदीत तो पिक्चर धरूनच येत. २०१४ च्या अखेरीस करार संपला, वास्तू किबेंकडे परत गेली आणि पुढे ‘किबे लक्ष्मी’ या नावाने उघडली. पुणेकर अजून ‘प्रभात’च म्हणतात, हे वेगळं सांगायला नको.

लालबागच्या ‘भारतमाता’ची तऱ्हा निराळी. इंडिया युनायटेड मिलच्या जागेवरचं हे थिएटर गिरणी कामगारांचं होतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी टॉवर आले. ‘भारतमाता’ मराठी पिक्चर लावत राहिलं. जागा राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, त्यामुळे डोक्यावर टांगती तलवार कायम. थिएटर वाचवायला मराठी कलावंत रस्त्यावर आले. कोविडमध्ये पडदा पडला तो ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा वर गेला.

मुंबई सेंट्रलचं ‘मराठा मंदिर’ तर साऱ्या देशाला ठाऊक आहे. १९५८ साली सुरू झालेल्या या थिएटरात ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ २० ऑक्टोबर १९९५ ला लागला आणि साडेअकराच्या खेळाला ठाण मांडून बसला. डिसेंबर २०१४ मध्ये हजार आठवडे झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो उतरवायचं ठरलं, तेव्हा लोकांनी एवढी ओरड केली की निर्णय मागे घ्यावा लागला. याचं सगळं श्रेय शाहरुख खानला देऊन चालणार नाही. समोर रेल्वे स्टेशन, पलीकडे एसटीचं आगार. गाडीला चार तास आहेत, हातात बॅग आहे, बाहेर ऊन आहे. अशा माणसाला सावलीत बसायला स्वस्त तिकीट लागतं. मालकांनी हा प्रेक्षक ओळखला होता.

आता आमच्याकडे येऊ. गोंदिया म्हणजे भातगिरण्यांचं, विड्यांचं आणि रेल्वे जंक्शनचं गाव. १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होतं. एका बाजूला बालाघाट, दुसरीकडे राजनांदगाव. बाजारात मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी एका वेळी कानावर पडते. चित्रपट धंद्याच्या नकाशात तर हा मुलूख अजून ‘सी. पी. बेरार’मध्येच आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे राज्य कधीच इतिहासजमा झालं, १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. वितरकांना त्याचं सोयरसुतक नाही. त्यांच्या हिशोबात विदर्भ, महाकोशल आणि छत्तीसगड आजही एकच ‘सर्किट’. प्रदर्शक-वितरकांची संघटना सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन भुसावळला, वितरकांची वर्दळ अमरावतीला. आमच्या भागात कोणता पिक्चर कधी लागणार, हे मुंबईपेक्षा जास्त या दोन गावांत ठरायचं.

आणि पिक्चर यायचा पेटीतून. पत्र्याची षटकोनी नाहीतर चौकोनी पेटी, आत रिळांचे डबे. आधी मोठी शहरं, मग जिल्ह्याची गावं, मग तालुके, आणि शेवटी जत्रेतला तंबू. शहरातली प्रिंट लहान गावात पोचेपर्यंत तिची दमछाक झालेली असे. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट धावते. तीन तासांचा पिक्चर १६,२०० फुटांचा. एवढी लांबी शेकडो वेळा दातऱ्यांच्या चाकांवरून गेल्यावर कडेची भोकं फाटतात, फिल्म तुटते. तुटली की ऑपरेटर दोन्ही टोकं कापून फिल्म जोडायच्या सिमेंटने चिकटवतो. दर सांध्यात चार-सहा चौकटी गेल्याच. म्हणून तालुक्याच्या प्रेक्षकाने पाहिलेला पिक्चर मुंबईकराने पाहिलेल्या पिक्चरपेक्षा नेहमी थोडा आखूड असे. नायिका दार उघडते आणि पुढच्याच क्षणी गावाबाहेर असते, हे दिग्दर्शकाचं काम नव्हे. ते वाटेत लागलेल्या टॉकीजचं.

ऑपरेटरची खोली कायद्याने वेगळी ठेवलेली. जुनी नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही होती. एकदा पेटली की पाण्यानेही विझत नसे, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या अंगातच होता. म्हणून खोलीला बाहेरून जिना, खिडक्यांवर लोखंडी झापडं, कोपऱ्यात वाळूच्या बादल्या. १९५० च्या आसपास न पेटणारी फिल्म आली, पण झापडं आणि बादल्या तशाच राहिल्या. ऑपरेटरचा आणि प्रेक्षकाचा संबंध आला तो फक्त शिव्यांपुरता.

आणि काम काय होतं? दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी. वेस्ट्रेक्स, सिम्प्लेक्स, नाहीतर फोटोफोन. दिव्याच्या पेटीत कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर. मध्ये काही मिलिमीटरचं अंतर आणि त्या अंतरात डोळे दिपवणारी ठिणगी. कांड्या जळत जातात तसं अंतर वाढतं, म्हणून चाक फिरवून त्या सारख्या पुढे घ्यायच्या. विसरलं की पडद्यावरचा पांढरा उजेड पिवळा पडतो, मग तांबूस, आणि खालून थर्ड क्लासमधून ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू होतो. रीळ दोन हजार फुटांचं, म्हणजे बावीस मिनिटांचं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका चमकतो. त्या ठिपक्याला दुसरा प्रोजेक्टर सुरू करायचा. सात सेकंदांनी दुसरा ठिपका. त्या क्षणी याची झडप बंद, त्याची उघडी. प्रेक्षकाला काही कळलं नाही, तर काम चोख. दिवसाला चार खेळ, प्रत्येक खेळात सात-आठ वेळा हे. इतक्या सफाईने वर्षानुवर्षं काम करणाऱ्या माणसाचं नाव गावात दहा जणांनाही माहीत नसे, याचं मला अजून वाईट वाटतं.

शेजारच्या दोन टॉकीजमध्ये एकच प्रिंट चालवायची कसरतही व्हायची. पहिल्या टॉकीजचं रीळ संपलं की पोरगा ते सायकलला लावून दुसरीकडे पळवी. वाटेतलं रेल्वे फाटक बंद असलं तर दुसरीकडचं मध्यंतर लांबे आणि चहावाल्याची चांदी होई.

२००५ नंतर उपग्रहावरून पिक्चर पाठवणं सुरू झालं आणि दहा वर्षांत पेटी संपली. यात तोटा झाला असं म्हणणं कोतेपणाचं होईल. मुंबईत शुक्रवारी लागलेला पिक्चर आमच्याकडेही त्याच शुक्रवारी आला, अखंड आणि ओरखड्याविना. पूर्वी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. पण याच सोयीने टॉकीजचा स्वभाव काढून घेतला. सगळीकडे एकाच दिवशी लागलेल्या पिक्चरला सारी कमाई पहिल्या तीन दिवसांत करायची असते. मग वितरक म्हणतो, चारही खेळ आम्हाला द्या. नाही दिले तर पुढच्या ईदचा पिक्चर विसरा. मालकाची निवड तिथेच संपते.

एका दिवाळीतलं उदाहरण आहे. १३ नोव्हेंबर २०१२ ला ‘जब तक है जान’ आणि ‘सन ऑफ सरदार’ समोरासमोर आले. ‘एक था टायगर’ हवा असेल तर दिवाळीचे खेळही ‘जब तक है जान’ला द्या, अशी सांगड यशराजने एकपडदा टॉकीजना घातली, अशी तक्रार अजय देवगणच्या कंपनीने स्पर्धा आयोगाकडे केली. आयोगाला त्यात प्रथमदर्शनी काही वावगं दिसलं नाही. कायद्याचं आयोग जाणे. पण एकेका टॉकीजच्या पडद्यासाठी दोन बड्या कंपन्या भांडत असताना टॉकीजच्या मालकाला कोणीच काही विचारत नव्हतं, हे धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिलं.

मालकाला मोकळीक मिळाली की काय होतं, हे २०१६ मध्ये दिसलं. २९ एप्रिलला ‘सैराट’ लागला. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला गर्दी आवरेना, तेव्हा रात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावला गेला. दिवसभर रानात राबणाऱ्याला कोणती वेळ सोयीची, हे मल्टिप्लेक्सच्या वेळापत्रकाला कधी सुचलं नसतं.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीला यात नवल वाटणार नाही. भाऊबीज झाली, हलका धान घरात आला की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि रात्री नाटक असतं. उशिरा सुरू होतं, पहाटे संपतं. कंपन्यांची कार्यालयं वडशाला, गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या रेल्वेवर. गावातलं मंडळ कंपनी ठरवतं, तिकीट लावतं, नफा-नुकसान अंगावर घेतं. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. टीव्ही आला, मोबाइल आला, झाडीपट्टीचं नाटक हललं नाही. त्याच पट्ट्यात टॉकीज मात्र खंगल्या. प्रेक्षक तोच, खिसाही तोच. फरक इतकाच की नाटक कोणतं आणि कोणत्या रात्री, हे गाव ठरवतं.

म्हणून ‘लोकांना आता मोबाइल पुरतो’ हे कारण मला पटत नाही. टॉकीज बंद पडली की त्या जागी गोदाम किंवा लग्नाचं लॉन होतं. तालुक्याच्या गावात लग्नाला हॉल जास्त चालतो, हा हिशोब मालकाला चुकलेला नसतो. शासनाने करमणूक करातून वर्षानुवर्षं टॉकीजकडून भरपूर घेतलं, परत फारसं दिलं नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला तेव्हा शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के लागला, २०१९ पासून १२ टक्के झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आला. शंभराच्या वरच्या तिकिटावर मात्र १८ टक्केच आहे. कमी झालेल्या कराचा फायदा मॉलमधल्या पडद्यांना जवळपास नाही. तो मिळतो तालुक्याच्या, मोहल्ल्याच्या टॉकीजला.

तेव्हा सुट्टीत गावात एखादी टॉकीज चालू असेल, तर बाल्कनीचं तिकीट काढा. आणि जाताना मॅनेजरला सांगून जा, की पुढच्या आठवड्यात कोणता पिक्चर लावलात तर आम्ही परत येऊ. हे त्याला कित्येक वर्षांत कोणी सांगितलेलं नाही.