आधी चहा होतो

परवा रात्री आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मित्राने यादी टाकली. 'जगातले दहा सर्वांत डिस्टर्बिंग सिनेमे. हिंमत असेल तर एकट्याने बघा.' सगळे परदेशी. कुठे माणसांना तळघरात कोंडून ठेवतात, कुठे करवतीने कापतात, असं त्यानेच खाली लिहिलं होतं. मग मला टॅग करून विचारलं, "पत्रकारसाहेब, किती बघितले?"

खरं सांगायचं तर दोन बघितलेत. दोन्ही वेळा सिनेमा संपल्यावर व्यवस्थित जेवलो आणि झोपलो. वीस वर्षं तालुक्याला बातमीदारी केलेल्या माणसाला रक्ताचं फार काही वाटत नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या शवागाराबाहेर उभा राहून मी वडापाव खाल्लेला आहे. यात मोठेपणा नाही, सवय होते. आणि त्या सिनेमातलं तळघर माझ्या गावातलं नसतं. ती करवत आपल्या बाजारपेठेतल्या दुकानातून आणलेली नसते. म्हणून तो सिनेमा घाबरवतो आणि सोडून देतो.

मला ज्या सिनेमाने आजपर्यंत सोडलेलं नाही तो त्या यादीत नाही. तो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. त्याच्या गाण्यावर तुम्ही वरातीत नाचलाय, मीही नाचलोय. तो सिनेमा म्हणजे सैराट.

२९ एप्रिल २०१६ ला सैराट लागला तेव्हा आपल्या टॉकीजची काय अवस्था होती ते आठवत असेल. खेड्यापाड्यांतून छोटे हत्ती भरभरून लोक यायचे. पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत पोरं नाचायची. लुगड्यातल्या म्हाताऱ्या बाया खुर्चीवर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मी पहिल्याच रविवारी गेलो, झिंगाट होईपर्यंत थांबलो, चार पोरांशी बोललो, फोटो काढला आणि इंटरव्हलला बाहेर पडून बातमी सोडली. 'सैराटमुळे टॉकीजला जत्रेचे स्वरूप.' फोटोसकट लागली. म्हणजे शेवट न बघताच मी सिनेमाची बातमी केली होती.

पुढच्या गुरुवारी बायकोला घेऊन गेलो आणि पूर्ण बघितला.

इतकी वर्षं झाली, त्यामुळे शेवटाबद्दल बोलायला हरकत नाही. आर्ची आणि परशा हैदराबादला संसार करतायत. लहान लेकरू आहे. आर्चीचं आईशी फोनवर बोलणं झालंय. आणि एके दिवशी तिचा भाऊ माणसं घेऊन येतो, आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन. दोघं थोडी घाबरतात, पण शेवटी माहेरची माणसं दारात आलेली. चहा होतो. पाहुण्यांना चहा दिला जातो. लेकरू शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं. ते परत येतं तेव्हा घरात आईबाप रक्तात पडलेले असतात. मारताना आपल्याला दाखवलेलं नाही. लेकरू रडतं, पण त्याचं रडणं ऐकू येत नाही. मग ते दाराबाहेर चालत जातं आणि फरशीवर त्याच्या इवल्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात.

आवाज पूर्ण बंद. ज्या सिनेमाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा वाद्यवृंद उभा केला, त्याच सिनेमाने शेवटी सगळा आवाज काढून घेतला. दोन-अडीच तास ज्या कानांना लाडावून ठेवलं होतं, त्यांना काहीच दिलं नाही. त्या दिवशी मला आमच्या टॉकीजच्या पंख्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. एरवी शेवटच्या पाच मिनिटांत लोक पार्किंगच्या काळजीने उठायला लागतात. त्या दिवशी कुणी उठलं नाही. दिवे लागले तरी माणसं पायाने चपला चाचपत बसून होती.

आणि मग मागच्या रांगेतून एक आवाज आला. अगदी हळू, नेहमीच्या बोलण्यातला.

"लईच झालं होतं तिचं. असंच पायजे."

मी वळून बघितलं नाही. खरं म्हणजे मुद्दाम बघितलं नाही, कारण आवाज ओळखीचा वाटला. गावात राहायचंय, रोज तोंडं बघायचीयत. बायकोनेही ऐकलं होतं. स्कूटरवर घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. गेट उघडताना एवढंच म्हणाली, "ती विहिरीची बातमी तुम्हीच दिली होती ना?"

हो. मीच दिली होती.

२००८ सालची गोष्ट आहे. डिप्लोमा करून मी नुकताच तालुका प्रतिनिधी झालो होतो. गाव सांगत नाही, पेपरचंही नाव सांगत नाही. एका सकाळी पोलीस ठाण्यातून कळलं की एक १९ वर्षांची मुलगी विहिरीत सापडली. मोटारसायकल काढून गेलो. विहिरीजवळ गर्दी होती. टपरीवर बसलो तेव्हा दोघातिघांनी मान खाली घालून सांगितलं की पलीकडच्या वस्तीतल्या एका मुलाबरोबर तिचं नाव जोडलं जात होतं आणि तो मुलगा आठ दिवसांपूर्वीच गाव सोडून गेलाय. नाव कुणी सांगेना. 'आमचं नाव घालू नका' हे मात्र सगळ्यांनी सांगितलं. मग गावातल्या एका वजनदार माणसाने घरी बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाला, "घराची अब्रू हाय. वाईच सांभाळून लिवा."

ऑफिसला आलो. वरिष्ठ म्हणाले, पोलिसांनी काय सांगितलंय तेवढं दे. मी दिलं. 'विहिरीवर पाणी आणण्यासाठी गेली असता पाय घसरून पडल्याने तरुणीचा मृत्यू झाला. अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली असून अधिक तपास पोलीस करीत आहेत.' सहा ओळी. पान पाच, खाली उजवीकडे.

त्या विहिरीला कठडा होता. माझ्या छातीपर्यंत येईल एवढा. मी त्याच्यावर हात टेकवून आत वाकून बघितलं होतं. छातीएवढ्या कठड्यावरून पाय कसा घसरतो, हा प्रश्न मला तिथंच पडला होता. मी तो कुणालाच विचारला नाही.

नीट वाचा, तो खून होता असं मी म्हणत नाही. आत्महत्या असेल, अपघातही असेल. मला माहीत नाही. पण माहीत करून घ्यायचं माझं काम होतं आणि मी चहा पिऊन परत आलो.

सैराटमधल्या मारहाणीपेक्षा, रक्तापेक्षा मला तो चहा आठवतो, तो यामुळे. आमच्या बातम्यांमध्ये एक ठरलेला शब्दप्रयोग आहे, 'रागाच्या भरात'. बापाने रागाच्या भरात मुलीला मारलं. भावाने रागाच्या भरात वार केले. हे वाचलं की वाचणाऱ्यालाही बरं वाटतं. राग कुणाला येत नाही? माणूस चांगला होता हो, त्या क्षणाला डोकं फिरलं. सैराटच्या शेवटात ही पळवाटच ठेवलेली नाही. ते लोक राग शांत झाल्यावर आलेत. पत्ता काढून, शेकडो किलोमीटर प्रवास करून, भेटवस्तू घेऊन आलेत. तिच्या घरात बसून तिच्या हातचा चहा घेतलाय. यात रागाचा भर कुठे आहे? हे ठरवून, निरोप देऊन-घेऊन केलेलं काम आहे. जसं आपण लग्नाची बैठक ठरवतो, तसं.

पुढे २०१८ मध्ये याच कथेवर हिंदीत धडक आला. त्यात शेवटी नवरा आणि मूल जातं, नायिका जिवंत राहते. दुःख आहेच, पण तिच्याकडे बघून आपल्याला तिच्याबरोबर रडता येतं. सैराटमध्ये ज्याच्याबरोबर रडावं असं मोठं माणूसच उरत नाही. उरतं एक लेकरू, ज्याला काय झालंय ते कळतही नाही. आणि बघणारे आपण. आपल्याला सगळं कळलेलं असतं.

नागराज मंजुळे यांनी हे आधीही केलं होतं. १४ फेब्रुवारी २०१४ ला फँड्री आला. शाळेजवळ डुक्कर पकडायला लावलेला जब्या, भोवती जमून हसणारं गाव. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं तेव्हा ते कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभं राहतं आणि हाताशी आलेलं डुक्कर निघून जातं. थिएटरात लोक इथे हसतात. मीही हसलो होतो. मग शेवटी जब्याने फेकलेला दगड थेट पडद्यातून आपल्याकडे येतो आणि कळतं, की इतका वेळ आपण त्या हसणाऱ्या गर्दीतच उभे होतो.

दुसरा चैतन्य ताम्हाणे यांचा कोर्ट. भारतात २०१५ मध्ये लागला. त्यात रक्ताचा थेंब नाही. गटारात उतरणारा एक कामगार मरतो आणि त्याने शाहिराचं गाणं ऐकून आत्महत्या केली असा खटला शाहिरावर भरला जातो. शाहिराचं काम वीरा साथीदार यांनी केलं होतं, २०२१ मध्ये कोविडने ते गेले. मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते आणि सपाट आवाजात सांगते की त्याच्याकडे सुरक्षेचं कसलंही साहित्य नसायचं, आत दगड टाकून झुरळं बाहेर येतात का ते बघून मग तो उतरायचा. कुणी दचकत नाही. पुढची तारीख पडते. मी आमच्या कोर्टात इतक्या तारखा बसून काढल्यात, की तो सिनेमा बघताना मला माझ्याच वहीची पानं उलटल्यासारखं वाटलं.

सिनेमाने सगळं भडक करून दाखवलं असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी एक आठवण करून देतो. फँड्री लागून अडीच महिनेही झाले नव्हते, तेव्हा २८ एप्रिल २०१४ ला, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात एका १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. गावातल्या मुलीशी बोलतो म्हणून, असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टाने आरोपींना निर्दोष सोडलं. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. या निकालात कुणाला दोषी ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण पोरगं मेलं हे तर खरं ना? मग गावाने काय बघितलं होतं?

२७ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी संस्थेच्या याचिकेवर सांगितलं, की दोन सज्ञान माणसांनी लग्न करायचं ठरवलं तर त्यात घरच्यांच्या, भावकीच्या किंवा जातपंचायतीच्या परवानगीची गरज नाही. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असंही सांगितलं. ही माहिती तुमच्या घरातल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींना आहे का, एकदा विचारून बघा. आणि देशातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढतात त्यात २०१४ पासून 'ऑनर किलिंग' हे कारण वेगळं मोजलं जातं. पण त्या रकान्यात आकडा तेव्हाच जाणार, जेव्हा खाली ठाण्यात कुणीतरी तसं नोंदवेल. 'पाय घसरून' असं लिहिलं की ती मुलगी त्या रकान्यापर्यंत पोचतच नाही. सहा ओळींत एवढी ताकद असते.

सैराट बघितल्यापासून मी 'रागाच्या भरात' लिहिणं बंद केलंय. फार काही क्रांती नाही. गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका नव्या पोराने बातमी आणली, त्यात हे शब्द होते. मी खोडले. तो म्हणाला, "सर, पोलिसांच्या प्रेसनोटमध्येच आहे." म्हटलं, प्रेसनोट राहू दे, कोयता कधी आणला ते विचारून ये. तो जाऊन आला. दोन दिवस आधी आणला होता. बातमीत तेवढं एक वाक्य वाढलं. लागली. त्यानंतर ऑफिसला तीन फोन आले, तिन्ही अब्रूबद्दल.

परवा ग्रुपवर मी यादीखाली 'सैराट' एवढंच लिहिलं. मित्राचं उत्तर आलं, "तो कुठे डिस्टर्बिंग? झिंगाट ना भावा!" आणि हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. त्याची चूक नाही. माझीही पहिली बातमी इंटरव्हलपर्यंतचीच होती.

असो. तुम्हाला कुठल्या सिनेमाने असं अडकवून ठेवलंय ते खाली लिहा. करवतीवाले नकोत, आपल्या घराच्या, गल्लीच्या जवळचे सांगा.

आणि एक. त्या गावातलं, २००८ च्या त्या सकाळी विहिरीजवळ उभं असलेलं कुणी हे वाचत असेल, तर माझा नंबर तोच आहे. तेव्हा टपरीवर जे अर्धं सांगितलं होतं ते पूर्ण सांगायचं असेल तर फोन करा. नाव घालणार नाही. या वेळी मी चहा प्यायला येणार नाही, वही घेऊन येईन.