उलटा डोंगर

तोरणमाळचा घाट आपल्यापैकी अनेकांनी चढला असेल. सातपुड्यातील पायवाट थेट माथा गाठते; मोटारीचा रस्ता मात्र वळणे घेत, अंतर वाढवीत वर जातो. चाकाला उभा चढ मानवत नाही. चंद्रपूरजवळच्या कोळशाच्या खुल्या खाणीच्या काठावर उभा राहिलो, तेव्हा मला हाच घाट आठवला. फक्त येथे डोंगर उलटा होता. आपल्या नंदुरबारकडील दगडखाणीच्या तळातला माणूस काठावरून ओळखू येतो. तेथे तळातला प्रचंड डंपर खेळण्याएवढा दिसत होता. माझा धाकटा भाऊ असाच एक डंपर चालवतो.

आता थोडे गणित पाहा. खाणीतील वाहतुकीच्या रस्त्याचा चढ साधारणपणे 16 मीटरला 1 मीटर एवढाच ठेवतात. म्हणजे 150 मीटर खोलीवरून माल वर आणण्यास 2,400 मीटर रस्ता हवा. शिवाय 100 टन माल नेणारा डंपर स्वतःच त्याच्या निम्म्याहून अधिक वजनाचा असतो. प्रत्येक खेपेस तो स्वतःलाही वर वाहून नेतो आणि रिकामा खाली उतरतो. डिझेलचा मोठा वाटा असा वाहनालाच वाहण्यात जातो. खाण जितकी खोल, तितका हा भुर्दंड मोठा.

यावर उपाय म्हणजे सरकता पट्टा. तो 16 ते 18 अंशांचा चढ सहज घेतो. तीच खोली तो सुमारे 500 मीटरमध्ये पार करतो. पण सुरुंगाने फुटलेले मोठे खडक त्याला पेलत नाहीत. म्हणून दगड फोडणारे यंत्र खाणीतच बसवावे लागते आणि तेथपर्यंत डंपर लागतोच. एक डंपर बिघडला तर बाकीचे चालू राहतात. पट्टा तुटला की सारेच थांबते. तरीही खोल खाणीत पट्टाच योग्य, असे माझे मत आहे. धूळही कमी उडते.

हे मी भावाला उत्साहाने सांगितले. त्याने शांतपणे विचारले, "दादा, पट्ट्याला ड्रायव्हर किती लागतात?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पट्ट्याला मोटार दुरुस्त करणारे लागतात, रोलर बदलणारे लागतात. पण चाकामागे बसणारा लागत नाही. भावाचे वय बेचाळीस आहे. हल्ली पाळी संपल्यावर तो विद्युत मोटारींवरचे पुस्तक घेऊन बसतो आणि एखादा शब्द अडला की मला फोन करतो. परवा त्याने 'घर्षण'चा अर्थ विचारला. मी सांगू लागलो, तर म्हणाला, "म्हणजे पावसाळ्यात चढावर टायरला मिळत नाही, तेच ना?"