खर्चाची बाजू

एकतीस डिसेंबरची रात्र आमच्या चर्चमध्ये गाण्याबजावण्याची नसते. रात्री साडेदहाच्या सुमारास मंडळी जमते, सरत्या वर्षाबद्दल देवाचे उपकार मानते आणि बाराचे ठोके पडताना बहुतेक जण प्रार्थनेत असतात. त्याआधी निरनिराळ्या संघांचे चिटणीस आपापला अहवाल वाचून दाखवतात. गेल्या वर्षी तरुण संघाचा चिटणीस मी होतो, शिवाय शब्बाथ शाळेच्या मधल्या वर्गाचा शिक्षकही. तेव्हा अहवाल लिहिण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

खरे सांगायचे तर ते मला आवडले. साप्ताहिक प्रार्थनासभा, उन्हाळ्यातील बालशिबिर, रक्तदान, नाताळची गीतफेरी असे सारे मी क्रमाने मांडले. दोन पाने भरली. वाचताना माझे मलाच समाधान वाटत होते. बाबा मंडळीचे खजिनदार आहेत. मोठ्या हौसेने मी ती पाने त्यांच्यापुढे ठेवली. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "जमा छान आहे. खर्चाची बाजू कुठाय?"

मी म्हटले, "पैशांचा हिशेब वेगळा जोडलाय."

"पैशांचं नाही रे म्हणत. वर्षभरात तुमच्या हातून काय निसटलं, कोण दुरावलं, ते कुठं लिहिलंयस?"

एवढे बोलून ते अंघोळीला गेले. मी मात्र हजेरीपुस्तक काढले.

त्यात एका नावापुढे जूनपासून ओळीने गैरहजेरी होती आणि ऑक्टोबरात त्या नावावर लाल रेघ. ती रेघ मीच, पट्टी धरून, अगदी सरळ ओढली होती. मग जूनमधला तो रविवार आठवला. सातवीतला तो मुलगा वचन वाचताना अडखळत होता. मला घाई होती. "सातवीत आहेस आणि वाचता येत नाही? जा, पहिलीच्या पोरांत बस," असे मी बोलून गेलो. वर्ग हसला. मीही हसलो. पुढच्या रविवारपासून तो आला नाही, आणि त्याच्या घरी जाऊन विचारावे असे मला एकदाही वाटले नाही. त्याच महिन्यात प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले या विषयावर मी तरुण संघात चांगला अर्धा तास बोललो होतो. पुढारी म्हणजे सेवक, असे ठासून सांगितले होते. पुष्कळांनी पाठ थोपटली होती.

आमच्या समाजात पुढारी म्हटले की रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव निघतेच. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ साली, पंचावन्नी उलटल्यावर, मिशनची पगारी चाकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारायला घेतला. ही झाली जमा. पण लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आपण वाचतो तेव्हा त्यांचा तापट स्वभाव, लहरीपणा, घरच्यांची झालेली ओढाताण हेही दिसते. लक्ष्मीबाईंनी ते लपवलेले नाही, आणि त्यामुळे टिळक लहान झालेले नाहीत. मला त्या दिवशी एवढेच उमगले की, खर्चाची बाजू आपल्याला एकट्याला लिहिता येत नाही. ती ज्यांनी सोसले त्यांना विचारावी लागते.

संध्याकाळी सायकल काढून त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची आई कामावरून नुकतीच आली होती. "या ना सर, बसा," म्हणून तिने चटई टाकली. "वर्ग पुन्हा सुरू होणार का? हा म्हणत होता, बंद पडलाय."

म्हणजे त्याने घरी माझे नाव घेतलेच नव्हते! खोटे बोलून त्याने मलाच सांभाळून घेतले होते. 'हो, सुरू होतोय' एवढे म्हणून सुटता आले असते. क्षणभर तसा मोह झालाही. मग म्हणालो, "मावशी, वर्ग बंद नव्हता. मी याला सगळ्यांसमोर नको ते बोललो, म्हणून तो यायचा थांबला. चूक माझी आहे."

"लेकरांना बोलावंच लागतं, सर," ती म्हणाली. पुन्हा एक सोपी वाट पुढे आली. मी मान हलवून नाही म्हटले आणि त्या मुलाकडे वळून त्याची क्षमा मागितली. एवढ्याशा पोरापुढे ते चार शब्द उच्चारताना घसा कोरडा पडला. अर्ध्या तासाच्या भाषणाला इतके कष्ट पडले नव्हते. तो मात्र खाली पाहत चटईची काडी ओढत राहिला.

त्या रात्री अहवालाच्या शेवटी मी चार ओळी वाढवल्या. नाव न घेता लिहिले की, शिक्षकाच्या कठोर बोलण्यामुळे या वर्षी आपल्या वर्गातील एक मूल दुरावले आणि ते शोधायला सहा महिने लागले. वाचताना आवाज कापला. टाळ्या पडल्या नाहीत. नंतर पाळकसाहेबांनी फक्त खांद्यावर हात ठेवला.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तो आला, शेवटच्या रांगेत बसला. आता वर्गात कुणालाही मी एकट्याने मोठ्याने वाचायला लावत नाही. आधी सारे मिळून वाचतो. शनिवारी अर्धा तास आम्ही दोघे बसतो. अक्षरे त्याची अजून अडतात, माझाही धीर अधूनमधून सुटतो. पुढे मला शिक्षकच व्हायचे आहे. तेव्हा हा अर्धा तास कुणासाठी अधिक उपयोगाचा आहे, हे सांगणे कठीण आहे.

सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाची एक रीत घालून दिली आहे. आधी देवाचे आभार मानायचे, मग आपले दोष दिसावेत म्हणून त्याची कृपा मागायची, झाल्या वेळेचा आढावा घ्यायचा, क्षमा मागायची आणि सुधारण्याचा निश्चय करायचा. आमचा पंथ वेगळा, पण ही रीत मी उचलली आहे. ती वर्षाची नव्हे, रोजची आहे, हे मला फार मोलाचे वाटते. मी ३१ डिसेंबरची वाट पाहिली नसती, तर ते मूल सहा महिने घरी बसले नसते.

यंदाही अहवाल मलाच लिहायचा आहे. वही आतापासूनच घातली आहे. डावीकडचे पान मी लिहितो. उजवीकडचे भरण्यासाठी मात्र महिन्यातून एकदा कुणाला तरी जाऊन विचारावे लागते, "माझं काही चुकलं का?" बाबांना विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "बस, लांबलचक यादी आहे."